सत्तेचाळीस नंबरची खालची जागा

"बाई, तुमी कुठल्या म्हणायच्या?"

दारातून आत येतायेताच प्रयागबाईंनी विचारलं. त्यांच्यामागं खलाशी त्यांची पत्र्याची ट्रंक घेऊन उभा होता. मुंबईचा धक्का सुटून तासही झाला नव्हता, आणि आगबोट अजून डुलायला लागली नव्हती.

"शेळगावची," सारजा म्हणाली. "इंदापूर तालुका."

"अगं बया. आन् मी बारामतीची की." प्रयागबाईंचा चेहरा एकदम सैल पडला. त्या सरळ आत आल्या आणि सारजाच्या अंथरुणावर टेकल्या. गुडघा दोन्ही हातांनी दाबत म्हणाल्या, "लई बरं झालं. दहा दिस कुणाशी बोलू, ह्या काळजीत हुते. ही एक गोव्याची बाई हाय म्हणं, तिची भाषा मला यायची न्हाय. तुमचं मालक तिकडंच असत्याल?"

"न्हाय. मी नर्स हाय. मळ्यावरच्या दवाखान्यात चाललीया."

"म्हंजी आमच्याच मळ्यावर. आमचं मालक तितं ऊस बघत्यात. जयवंतराव." त्यांनी सारजाच्या पांढऱ्या सहावारीकडं, पायातल्या बुटांकडं कौतुकानं बघितलं. "शेळगावात कुणापैकी तुमी?"

सारजा टॉवेलाची घडी घालत होती. खोटं सांगणं सोपं होतं. पुण्याला मिशनच्या दवाखान्यात शिकत असताना तिच्याबरोबरच्या दोघींनी आडनावं बदलली होती, आणि तिलाही तसं सुचवलं होतं. तिनं घडी पुरी केली.

"म्हस्कू महाराची मुलगी."

प्रयागबाई उठल्या. गुडघ्याचं दुखणं त्या क्षणी त्यांच्या ध्यानातही नसावं. लुगड्याचे ओचे आवरून त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आन् तू मला बसू दिलंस व्हय," त्या म्हणाल्या.

साल एकोणीसशे चौतीस. दिवाळी होऊन गेली होती. केनियात, मोंबासापासून रेल्वेनं दोन दिवस आत, एका गुजराती शेठचा उसाचा मळा आणि साखर कारखाना होता. निरेच्या कालव्यावर ऊस पिकवलेली माणसं त्यानं तिकडं नेली होती. आता त्यांच्या बायका चालल्या होत्या, आणि मजुरांच्या बाळंतपणासाठी एक नर्स. करारात सारजाला सेकंड क्लासचं तिकीट होतं. त्यावर लिहिलं होतं, केबिन सत्तेचाळीस, खालची जागा. तिच्या डोक्यावरची फळी प्रयागबाईंची होती. समोरची जागा मिस फर्नांडिस नावाच्या गोव्याच्या मास्तरीणबाईंची.

सारजा चौदाव्या वर्षी विधवा झाली तेव्हा सासरच्यांनी तिला परत आणून सोडली. म्हस्कू महायुद्धात पलटणीबरोबर इराकला जाऊन आला होता. त्यानं गावाला काही विचारलं नाही. पोरीला मिशनच्या शाळेत घातली आणि पुढं नर्सिंगला. तिला बोटीवर घालवायला तो शेळगावाहून बारामतीपर्यंत ट्रंक डोक्यावर घेऊन चालत आला होता. दौंडला जाणारी छोटी गाडी उभी होती. खिडकीच्या गजाला धरून तो म्हणाला होता, "बसऱ्याला गेलो तवा आमास्नी बोटीच्या तळाला घातलं व्हतं, खेचरांच्या शेजारी. आठ दिस उजेड न्हाय दिसला. तुझ्या तिकिटावर खोली लिवलीया. लिवल्याली जागा सोडू नगंस."

मुंबईचा किनारा दिसेनासा होण्याआधी पर्सर केबिनच्या दारात आला. प्रवाशांच्या जागांचा बंदोबस्त पाहणारा हा गोरा अधिकारी. लाल मानेचा, पन्नाशीचा, थकलेला माणूस होता. सारजाला मिशनचं इंग्रजी येत होतं, त्यामुळे त्याला बरं वाटलं.

"तुमच्यासाठी एक चांगली बातमी आहे," तो म्हणाला. "फर्स्ट क्लासची एक केबिन रिकामी आहे. एकट्या माणसाची. ती मी तुम्हाला देतो. जादा काही द्यावं लागणार नाही. बघून तर घ्या."

सारजा त्याच्यामागं गेली. दोन जिने चढल्यावर पायाखाली गालिचा आला आणि तेलाचा वास थांबला. त्यानं दार उघडलं. आत लाकडी पलंग होता, वर पांढरी, कडक इस्त्रीची चादर. कोपऱ्यात स्वतःची हात धुवायची जागा, तिला पितळी तोटी. भिंतीवर नोकराला बोलवायची घंटा. आणि पलंगाच्या उशाशी गोल खिडकी. ती उघडीच होती. तिच्यातून वारा येत होता आणि खाली हिरवं पाणी पळताना दिसत होतं.

सत्तेचाळीसमध्ये खिडकी नव्हती. इंजिनाची धडधड तिथं भिंतीतून थेट दातांत यायची.  सारजा पलंगाच्या कडेला बसली. गादीवर तिनं हात दाबून पाहिला. अशा चादरी तिनं पाच वर्षं दुसऱ्यांसाठी अंथरल्या होत्या.

"आवडली?" पर्सरनं विचारलं.

"आवडली."

"मग तुमचं सामान वर आणायला सांगतो."

"साहेब, ही मला का मिळते आहे?"

"तुमच्या सोयीसाठी."

"माझी गैरसोय झाली असं मी कुणाला सांगितलेलं नाही."

त्यानं टोपी काढून परत घातली. "त्या दुसऱ्या बाईंची तक्रार आहे. कसली ते तुम्हाला माहीत आहे. मी तुमच्या देशाचे रिवाज बदलायला आलेलो नाही. पण तुमचा यात फायदाच होतो आहे. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत फुकट फर्स्ट क्लास मिळालेल्या तुम्ही तिसऱ्या असाल."

सारजा उठली. चादरीवर तिच्या बसण्याची सुरकुती पडली होती, ती तिनं सवयीनं हातानं सारखी केली.

"मग तेवढं कागदावर लिहून द्या," ती म्हणाली. "सारजा म्हस्कू, नर्स, सेकंड क्लासचं तिकीट. अमुक कारणासाठी हिला तिच्या जागेवरून हलवली. खाली तुमची सही. कागद मिळाला की मी येते."

"असं लिहिता येत नाही."

"का?"

"कंपनीच्या नियमांत असं कारणच नाही."

"मग मला हलवायलाही कारण नाही," सारजा म्हणाली, आणि जिना उतरून खाली आली.

संध्याकाळी फर्स्ट क्लासची ती केबिन प्रयागबाईंना मिळाली. तक्रार त्यांची, तेव्हा हलायचं तर त्यांनीच, असं पर्सरनं ठरवलं असावं. खलाशानं त्यांची ट्रंक उचलली. जाताना त्यांनी सारजाकडं बघितलं नाही, पण पाठ मोठी ताठ होती.

मिस फर्नांडिसनं कपाळावर हात मारला. "तू पागल आहे काय? तुझी जागा ती घेऊन गेली."

"तिला दिली ती तिनं नेली. माझी हितं हाय."

बोलून गेली खरी, पण मग ती भिंतीकडं तोंड करून पडली. पुढचे दोन दिवस तिला उलट्या झाल्या. तोंडाशी तसराळं धरून बसलेली असताना तिला ती गोल खिडकी दिसायची, आणि तिथं आता प्रयागबाई वारा घेत बसल्या असतील हे आठवायचं. तिला त्यांचा हेवा वाटला. हेवा वाटला म्हणून स्वतःचा राग आला. पण पर्सरकडं पुन्हा जावं असं मात्र तिच्या मनात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं. दारात प्रयागबाई उभ्या होत्या. मागं तोच खलाशी, तीच ट्रंक. त्यांचे डोळे सुजले होते. ट्रंक आत ठेवून खलाशी निघून गेला तरी त्या उंबऱ्याबाहेरच होत्या.

"काय झालं?" मिस फर्नांडिसनं विचारलं.

प्रयागबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. त्या सारजाशीही बोलत नव्हत्या, पण त्यांची बोली पुरती कळणारं दुसरं कुणी नव्हतं.

"शेजारच्या मड्डमेनं तक्रार केली," त्या म्हणाल्या. "न्हाणीघर दोघींत एक व्हतं. म्हणं काळी बाई तिथं न्हाते, मला चालायचं न्हाय. मी जेवायला गेले तर मेजावरची माणसं उठून गेली. मला आधी कळंना, वाटलं त्यांचं जेवान झालं आसंल." त्यांचा आवाज चिरकला. "मी काय घाण हाय? रोज डोक्यावरनं पानी घेती मी."

"मी बी घेती," सारजा म्हणाली.

  प्रयागबाई आत आल्या आणि आपल्या ट्रंकेवर बसल्या.

त्यांची जागा वरची होती. लोखंडी शिडीला पाच पायऱ्या होत्या. त्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढल्या आणि गुडघ्यानं पुढं साथ दिली नाही. उतरून त्या पुन्हा ट्रंकेवर बसल्या. त्या दिवशी तिथंच बसल्याबसल्या भिंतीला डोकं टेकून झोपल्या. दुसऱ्या दिवशीही. बोट वळली की ट्रंक सरकायची आणि त्यांना दचकून जाग यायची. गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. नर्सच्या नजरेला तो दिसत होता.

मिस फर्नांडिस अंगापिंडानं दोघींच्याही दुप्पट होती. तिला वरच्या फळीचं नाव काढलं तरी घाम यायचा.

"दे ना तिला तुझी जागा," ती सारजाला म्हणाली. "तू जवान आहे."

"देती की," सारजा म्हणाली, प्रयागबाईंना ऐकू जाईल असं. "मागितली तर देती. साहेबानं सांगितलं म्हणून न्हाय, कुणाला चालत न्हाय म्हणून न्हाय. मला मागायची, माझ्या तोंडाकडं बघून."

प्रयागबाईंनी मान फिरवली.

तो दिवसही तसाच गेला. सारजाला चैन नव्हतं. दवाखान्यात असं दुखणं समोर आलं असतं तर तिनं जात विचारली नसती, की मागण्याची वाट पाहिली नसती. एकदा ती उठलीसुद्धा. मग पुन्हा बसली. आज आपण होऊन उठलो तर ते उठणं ह्या बाईच्या हिशेबी महारानं वाट सोडल्यासारखंच होईल, हे तिला पक्कं माहीत होतं. गावात बापानं आयुष्यभर वाट सोडली होती.

सहाव्या दिवशी सकाळी प्रयागबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. दोन पावलं लंगडत पुढं आल्या. त्यांनी सारजाच्या तोंडाकडं बघितलं.

"सारजाबाई," त्या म्हणाल्या, "मला खालची जागा द्या."

सारजा लगेच उठली. तिनं आपली उशी वर टाकली.

"चादर तेवढी बदला," प्रयागबाई म्हणाल्या.

"कालच बदलली हाय. हीच हाय."

प्रयागबाई क्षणभर उभ्या राहिल्या. मग हळूच बसल्या, पाय वर घेतले आणि त्या चादरीवर आडव्या झाल्या. सारजानं गुडघ्याखाली घडी केलेलं घोंगडं दिलं, गरम पाणी मागवून शेक दिला. प्रयागबाईंनी डोळे मिटून घेतले, पण पाय काढून घेतला नाही.

मोंबासाला उतरल्यावर त्या दोघी मैत्रिणी झाल्या असं मात्र कुणी समजू नये. मळ्यावर प्रयागबाईंचं घर टेकडीवर होतं, सारजाची खोली दवाखान्याला लागून. प्रयागबाईंनी तिला कधी घरात बोलावलं नाही. गुडघ्याला लावायचं तेल न्यायला त्या यायच्या, तेव्हा दवाखान्याच्या पायरीशी उभ्या राहून हाक मारायच्या. पण हाक सारजाबाई अशी असायची. तेल घेताना बाटली जमिनीवर ठेवायला त्या सांगत नसत, आणि सारजा ठेवतही नसे. कधी बारामतीहून पत्र आलं तर ते वाचून घ्यायला यायच्या. कऱ्हेच्या काठची भावाची वांगी कशी आली, आई कशी आहे, हे सारजाच्या तोंडून ऐकायच्या आणि पत्र कमरेला खोचून निघून जायच्या.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात त्यांना तिकडचा तो वाईट ताप आला, ज्यात लघवी काळी होते. सहाव्या दिवशी त्या गेल्या.

आणखी वर्षभरानं सारजाचा करार संपला. जयवंतरावांनी दवाखान्यात येऊन एक गाठोडं तिच्यापुढं धरलं. त्यांना रजा मिळत नव्हती. "बारामतीला हिच्या आईला पोचवा," ते म्हणाले. "पोस्टानं धाडायला मन हुईना."

बारामतीच्या स्टेशनावर सारजा उतरली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. म्हस्कू गेल्या साली वारला होता, आणि ते पत्र तिला चार महिन्यांनी मिळालं होतं. ट्रंक तिनं मोटारस्टँडवर ठेवली. शेळगावाकडं जाणारी मोटार दुपारची होती. वालचंदनगरला कारखाना झाल्यापासून मोटारी वाढल्या आहेत, असं तिथला माणूस सांगत होता. ती गाठोडं घेऊन विचारत विचारत कऱ्हेच्या अंगाला गेली.

घरापुढं वांग्यांची पोती भरणं चाललं होतं. प्रयागबाईंचा भाऊ मानसिंग पोतं शिवत होता. त्याची बायको ओट्यावर होती, आणि दाराशी खांबाला टेकून म्हातारी ठमाबाई, प्रयागबाईंची आई.

"आफ्रिकेहून आलीया," सारजा अंगणात उभी राहून म्हणाली. "प्रयागबाईंचं सामान हाय. जयवंतरावांनी दिलंय."

मानसिंग हातातला दाभण टाकून उठला. "या, बसा की. तुमी कोण म्हणायच्या?"

"शेळगावच्या म्हस्कू महाराची मुलगी. तितं नर्स व्हते."

मानसिंग होता तिथंच थांबला. बायकोकडं बघून मग म्हणाला, "बरं. ठेव तितं पायरीवर. आमी घेतो."

"खाली ठेवायचं न्हाय," सारजा म्हणाली. "लई लांबनं आणलंय. हातात घ्या."

"अगं, ठेव म्हणतोय न्हवं."

"ठेवायचं असतं तर मोटारस्टँडवरच ठेवलं असतं."

तिनं गाठोडं दोन्ही हातांवर पुढं धरलं आणि ती तशीच उभी राहिली. उन्हानं तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. पोती भरणारे दोन गडी काम थांबवून बघत होते.

"पोरी," म्हातारी पहिल्यांदाच बोलली. "कशानं गेली माझी प्रयाग?"

"तापानं. सहा दिस व्हता."

"जवळ कोण व्हतं?"

"तिचे मालक. आन् मी."

"तितं आपल्याकडच्या बायका व्हत्या का?"

"तवा न्हवत्या. साऱ्या माघारी आल्या व्हत्या."

 म्हातारीनं हळू आवाजात विचारलं, "मग तिला आंघोळ कुणी घातली?"

मानसिंगची बायको पुढं आली.

"मी घातली," सारजा म्हणाली. "कोमट पाण्यानं. केस धुतले, विंचरले. हिरवं लुगडं नेसवलं. कपाळाला कुंकू लावलं. जोडवी तेवढी जयवंतरावांनी काढून घ्यायला सांगितली, आईला द्यायची म्हणून. ती ह्यात हायती."

"महारणीनं," मानसिंग म्हणाला.

"व्हय," सारजा म्हणाली. "दुसरं कोण येणार व्हतं तितं?"

ठमाबाई खांबाला धरून उठल्या. पायऱ्या तीनच होत्या. एकेक पायरी बसत बसत त्या उतरल्या. सून आधार द्यायला आली, तिला त्यांनी हातानंच बाजूला केलं. सारजासमोर येऊन त्यांनी दोन्ही हात पुढं केले. गाठोडं घेताना त्यांची खरखरीत बोटं सारजाच्या बोटांवरून गेली. त्यांनी गाठोडं छातीशी धरलं आणि जोडवी कुठं आहेत ते वरूनच चाचपून पाहिलं.

"हिकडं सापडली," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

ठमाबाईंनी आत ये म्हटलं नाही. सारजानंही वाट पाहिली नाही. नमस्कार करून ती वळली. तिची चाल सावकाश होती. वाटेच्या कडेला, बांधाला अंग चोरून ती चालली नाही. गाडीवाटेच्या मधून चालली.

मागं मानसिंगचा आवाज आला. "अगं, तांब्या आण. ती उभी व्हती तितं पाणी शिंपड."

चार पावलं गेल्यावर म्हातारीचा आवाज आला. "शिंपडायचं न्हाय."

वळणावर सारजानं एकदाच मागं पाहिलं. ती जिथं उभी राहिली होती, नेमक्या त्याच जागी ठमाबाई भर उन्हात मातीत बसल्या होत्या. मांडीवर गाठोडं होतं. आणि सून भरलेला तांब्या हातात धरून त्यांच्याशेजारी नुसतीच उभी होती.